पार्किन्सन्स बळावतो तेव्हा: घरच्यांनी उपचारांचा शोध कुठून सुरू करायचा

डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं आणि बाबा चक्क झपझप चालले. वळले, हात हलवत परत आले, खुर्चीत नीट बसले. त्याच दिवशी पहाटे त्यांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायला आम्ही दोघं लागलो होतो. "बरे दिसतायत की," डॉक्टर म्हणाले. औषधं तीच राहिली आणि आम्ही तीन महिन्यांनंतरची तारीख घेऊन घरी आलो. त्यात डॉक्टरांची चूक नव्हती. प्रवास झेपावा म्हणून निघताना गोळी आम्हीच दिली होती, आणि तपासणी नेमकी ती गोळी भरात असताना झाली.

माझे सासरे तेव्हा या आजाराच्या नवव्या वर्षात होते. "आता आणखी काय उपचार आहेत?" हा आमचा प्रश्न किती मोघम होता, हे त्या भेटीने शिकवलं. त्याऐवजी "दिवसातला कोणता तास बिघडलाय आणि तो कशाने परत मिळेल?" असं विचारायला लागल्यावर उत्तरं मिळू लागली. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. लेव्होडोपाची गोळी, म्हणजे या आजारातलं मुख्य औषध, तर घरच्यांनी स्वतःच्या मनाने कधीच एकदम बंद करू नये. त्यातून तीव्र ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि बेशुद्धी येऊ शकते, आणि ते जिवावर बेततं.

पायरी १: आठवडाभर वही ठेवा

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपा मेंदूत पोहोचून तिचं डोपामिन होतं. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी ते साठवून हळूहळू वापरतात, त्यामुळे दिवसाला तीन गोळ्यांत काम भागतं. लेव्होडोपा रक्तात मात्र फार टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मी होते. पुढे साठवणाऱ्या पेशीच उरत नाहीत, तेव्हा रक्तातल्या औषधाची चढउतार जशीच्या तशी हालचालीत दिसू लागते. माणूस दहा वाजता चालतो, साडेबाराला खुर्चीला खिळतो आणि दोनला पुन्हा उठतो. बाहेरच्यांना हे नाटक वाटतं. कधी कधी घरच्यांनाही वाटतं, आणि त्याची नंतर फार लाज वाटते.

वहीत दर अर्ध्या तासाला एक खूण करा: झोप, गोळी उतरलेली (ऑफ), गोळी चढलेली (ऑन), किंवा चढलेली पण अंग नको तितकं हलतंय. शेजारी गोळीची आणि जेवणाची नेमकी वेळ लिहा. पोट साफ झालं का, पडले का, भास झाले का, हेही लिहा. चार-पाच दिवसांत आकृती दिसायला लागते. पुढची गोळी घ्यायच्या आधीच पहिली उतरते? गोळी चढायला तासभर लागतो? दुपारची गोळी लागूच पडत नाही? की गोळी भरात असतानाच अंग वेडंवाकडं डोलतं?

आम्ही इथे एक घोटाळा बराच काळ करत होतो. कंप आणि औषधाने येणारी अनैच्छिक हालचाल, म्हणजे डिस्कायनेशिया, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंप एका तालात असतो आणि बहुधा हात स्वस्थ ठेवलेला असताना येतो. डिस्कायनेशियात मान, खांदे, पाय लाटेसारखे वळतात, माणूस बसल्या जागी झुलतो. कंप बहुधा औषध कमी पडल्याची खूण, तर झुलणं बहुधा औषध जास्त झाल्याची. आपण फोनवर "थरथर वाढली" एवढंच सांगितलं तर डॉक्टर नेमका उलटा बदल करू शकतात. म्हणून दोन्ही अवस्थांचे मिनिटभराचे व्हिडिओ काढा: खुर्चीतून उठताना, चालून वळताना, बोलताना. प्रत्येक व्हिडिओवर वेळ आणि आधीची गोळी कधी घेतली ते लिहा. व्हिडिओ काढण्यापूर्वी त्यांना विचारा. असहाय अवस्थेत आपलं चित्रीकरण होतंय हे कुणालाच आवडत नाही.

पायरी २: बिघाड आजाराचाच आहे ना?

पार्किन्सन्स महिन्यांच्या आणि वर्षांच्या चालीने पुढे जातो. चार दिवसांत माणूस कोसळला असेल तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका, दुसरं कारण शोधा. सगळ्यात आधी लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग. वृद्धांना ताप न येताही तो असू शकतो. मग बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी कमी होणं, आणि डोक्यावर पडल्यानंतर कवटीत हळूहळू साचणारं रक्त.

आणि नवीन गोळी. बाबांना चक्कर येत होती, म्हणून एका डॉक्टरांनी सिनारिझिन लिहून दिलं. दोन आठवड्यांत ते इतके जखडले की जेवण भरवावं लागलं. ती गोळी डोपामिनचं काम अडवते हे आम्हाला कळलं तेव्हा महिना उलटला होता. फ्लुनारिझिनचंही तेच. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, भासांवर किंवा चिडचिडीवर दिली जाणारी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही सगळी त्याच यादीत येतात. ही यादी कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवा आणि दाताच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना दाखवा. मळमळीसाठी बहुधा डॉम्पेरिडोन चालतं, कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही. मात्र हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर तेही विचारूनच द्यायचं.

पायरी ३: निदानावर पुन्हा एकदा नजर

पार्किन्सन्ससारखे दिसणारे इतर आजार आहेत आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ते ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. पहिल्याच वर्षांत वारंवार पडणं, लेव्होडोपाचा पुरेसा डोस देऊनही काहीच फरक न दिसणं, नजर खाली वळवता न येणं, सुरुवातीपासूनच उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणं आणि लघवीवर ताबा नसणं अशी लक्षणं असतील तर थेट विचारा: "हा नक्की पार्किन्सन्सच आहे, की पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) किंवा एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी)?" या दुसऱ्या आजारांत पुढे सांगितलेली मेंदूची शस्त्रक्रिया उपयोगी पडत नाही. म्हणून हा प्रश्न शस्त्रक्रियेची चौकशी करण्याआधीच मिटवायला हवा.

शक्य असेल तर एकदा तरी हालचालींच्या विकारांत विशेष प्रशिक्षण घेतलेल्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. नेहमीच्या डॉक्टरांना हे सांगायला संकोच वाटतो, पण "एकदा दुसरं मत घ्यावं म्हणतो, चिठ्ठी द्याल का?" एवढं म्हटलं की पुरतं.

पायरी ४: चालू गोळ्यांतला वाया जाणारा भाग वाचवा

लेव्होडोपा आतड्याच्या वरच्या भागातून रक्तात शिरते, आणि ज्या वाटेने प्रथिनांतली अमिनो आम्लं शिरतात त्याच वाटेने. गर्दी झाली की औषध मागे राहतं. मेंदूच्या दारातही हीच ओढाताण होते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. दुपारची गोळी लागू पडत नसेल तर प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात नेता येतो. प्रथिनं बंद मात्र करायची नाहीत, कारण या आजारात वजन तसंही घटतं. लोहाची गोळी लेव्होडोपाला बांधून टाकते, दोहोंत किमान दोन तासांचं अंतर हवं. पोट तुंबलेलं असेल तर गोळी जठरातच पडून राहते. त्यामुळे बद्धकोष्ठतेचा इलाज हा हालचालीचाही इलाज आहे.

यानंतर डॉक्टरांच्या हातात बरंच काही असतं. डोस लहान करून जास्त वेळा देणं ही पहिली चाल. मग जोडीची औषधं. एन्टाकापोन किंवा ओपिकापोन लेव्होडोपाचं शरीरातलं विघटन रोखतात. रासाजिलिन आणि साफिनामाइड मेंदूतलं डोपामिन जास्त वेळ टिकवतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल किंवा रोटिगोटिनची त्वचेवर चिकटवायची पट्टी डोपामिनची नक्कल करतात. झुलण्यावर अमान्टाडिन. प्रत्येकाची किंमत असते. प्रामिपेक्सोलच्या गटात काही जणांना जुगार, बेसुमार खरेदी, खाणं किंवा लैंगिक इच्छा आवरत नाही. हे लाजेने लपवलं जातं, म्हणून घरच्यांनी आधीच माहीत करून घ्यावं. जुन्या चिठ्ठीवरून वर्षानुवर्षं चालत आलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल वृद्धांची स्मृती धूसर करतं. ते अजून चालू असेल तर का, हे विचारा. बंद करायचं ठरलं तरी डॉक्टर ते हळूहळूच उतरवतील.

"लेव्होडोपा पुढच्यासाठी राखून ठेवू" हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. औषध राखून काही शिल्लक पडत नाही. पुढे अडचणी येतात त्या मुख्यतः पेशी कमी झाल्यामुळे. लवकर सुरू केल्यामुळे गोळी संपून जात नाही.

पायरी ५: गोळ्यांपलीकडे कधी पाहायचं

तज्ज्ञ एक सोपी खूण वापरतात: ५-२-१. दिवसाला लेव्होडोपाचे पाच किंवा जास्त डोस, किंवा दिवसात दोन तास किंवा जास्त ऑफ, किंवा तासभर किंवा जास्त त्रासदायक झुलणं. यातलं एकही लागू असेल तर पुढच्या उपचारांविषयी बोलायची वेळ झाली. तुमची वही इथे पहिल्यांदा खरी कामाला येते.

सर्वात जास्त ऐकलेला पर्याय म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, बोलीभाषेत "डोक्यातला पेसमेकर". १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद यांच्या गटाने त्याची आधुनिक सुरुवात केली. मेंदूच्या खोल भागात, बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस किंवा ग्लोबस पॅलिडस इथे, बारीक तारा बसवतात आणि गळ्याच्या हाडाखाली त्वचेत विजेची छोटी बॅटरी ठेवतात. त्याविषयी एक वाक्य मनात पक्कं बसवा: गोळीच्या उत्तम तासात जे सुधारतं, बहुतेक तेवढंच शस्त्रक्रियेने सुधारतं. फरक एवढाच की तो उत्तम तास दिवसभर पसरतो. कंप मात्र अपवाद, गोळीला दाद न देणारा कंपही याने कमी होऊ शकतो. गोळी भरात असतानाही पाय जमिनीला चिकटत असतील, तोल जात असेल, बोलणं पुटपुटल्यासारखं असेल, तर शस्त्रक्रियेनंतरही ते तसंच राहील. बोलणं कधी कधी आणखी बिघडतंही.

म्हणूनच आधी चाचणी होते. रात्रभर औषध थांबवून सकाळी हालचालींना गुण देतात, मग लेव्होडोपाचा डोस देऊन पुन्हा मोजतात. साधारण ३० टक्के किंवा जास्त सुधारणा दिसली तर उमेदवार योग्य समजतात. (हे रुग्णालयात, देखरेखीखाली होतं, घरी करून बघायचं नाही.) एमआरआय, स्मृतीच्या सविस्तर चाचण्या आणि मनःस्थितीची तपासणी होते. स्मृतिभ्रंश किंवा आटोक्यात नसलेलं तीव्र नैराश्य असेल तर बहुधा नकार मिळतो. सत्तरीपुढे धोका वाढतो, पण वयाची सगळीकडे सारखी रेषा नाही.

धोके स्पष्ट विचारा. मेंदूत रक्तस्राव होण्याची शक्यता साधारण शंभरात एक ते दोन, जंतुसंसर्गाची त्याहून थोडी अधिक. बॅटरी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते, चार्ज होणारी पंधराएक वर्षं चालते. शस्त्रक्रियेनंतर विजेची मात्रा जुळवण्यात काही महिने जातात, तेव्हा "हे जुळवणं कोण करणार आणि आम्हाला किती वेळा यावं लागेल?" हा प्रश्न सर्जनच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. आजार याने थांबत नाही. आणि शस्त्रक्रिया "शेवटचा उपाय" म्हणून लांबवू नये. शेवटी स्मृती आणि तोल गेलेला असतो, आणि दार बंद झालेलं असतं.

शस्त्रक्रिया नको किंवा शक्य नसेल तर पंप. अपोमॉर्फिन त्वचेखाली दिवसभर थेंबथेंब सोडता येतं, किंवा अडल्या वेळी पेनमधून टोचता येतं. टोचल्यावर दहाएक मिनिटांत काम सुरू होतं. नावात मॉर्फिन असलं तरी ते वेदनाशामक नाही आणि त्याचं तसं व्यसनही लागत नाही. मळमळ, रक्तदाब घसरणं, भास आणि टोचल्या जागी गाठी हे त्याचे त्रास. दुसरा पंप पोटातून नळी घालून लेव्होडोपाची जेल थेट लहान आतड्यात सोडतो, बहुधा सोळा तास. जठराचा आळशीपणा टळतो, पण नळी सरकणं आणि तुंबणं घरच्यांच्या अंगवळणी पडावं लागतं. अलीकडे फॉसलेव्होडोपा त्वचेखालून चोवीस तास देण्याची सोय काही देशांत झाली आहे. पंप निवडताना स्वतःला एक प्रामाणिक प्रश्न विचारा: रोज सकाळी तो जोडणार कोण? बाबांचे हात त्या वेळी बटणही लावू शकत नव्हते, म्हणजे पंप खरं तर आमच्या हातांवर चालणार होता.

फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये एमआरआयच्या मदतीने ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून मेंदूतला लहानसा भाग भाजतात. कवटी उघडावी लागत नाही. एका बाजूच्या हट्टी कंपावर ते चांगलं, मात्र केलेलं परत फिरवता येत नाही.

पायरी ६: ज्याच्यावर यंत्र नाही त्याची यादी वेगळी करा

बळावलेल्या आजारात माणसाला सर्वात जास्त खचवणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा हालचालीच्या नसतात. भास होत असतील तर आधी जंतुसंसर्ग शोधतात, मग औषधं एका क्रमाने कमी करतात. लेव्होडोपाला हात सगळ्यात शेवटी. तरीही गरज पडली तर क्वेटियापिन किंवा रक्ताच्या नियमित तपासणीसह क्लोझापिन. स्मृतीसाठी रिव्हास्टिग्मिन. नैराश्याला "असा आजार झाल्यावर वाईट वाटणारच" म्हणून सोडू नका, त्यावर उपचार आहेत.

रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल तर काही पडण्यांचं मूळ तिथेच असू शकतं. जेवताना खोकला येणं, आवाज ओलसर होणं ही गिळण्याच्या त्रासाची खूण. त्यातून होणारा न्यूमोनिया या आजारातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे, म्हणून वाचा-गिळणतज्ज्ञांकडे वजन उतरायच्या आधी जा. पाय चिकटले की ओढू नका. थांबायला सांगा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा, "एक-दोन-तीन" मोजा किंवा तुमचं पाऊल आडवं ठेवून ते ओलांडायला सांगा. दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर कित्येकांचे पाय आपोआप उचलतात. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

पायरी ७: त्यांना विचारा

आम्ही हे सर्वात उशिरा केलं. दोन मुलगे, सून, एक डॉक्टर भाचा अशी चर्चा चालली होती आणि बाबा ऐकत बसले होते. आवाज बारीक, चेहरा हलत नाही, म्हणून मत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. गोळी चढलेल्या वेळी, बाकी कुणी नसताना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला सकाळ हवी. संडासला माझा मी गेलो पाहिजे. बाकी दिवसभर बसवून ठेवलंत तरी चालेल." डोक्याला भोक नको, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग शोध एकदम लहान झाला. रात्री झोपताना हळू सुटणारी गोळी आणि पहाटे अंथरुणातच पहिला डोस, उठण्याच्या तासभर आधी. एवढ्याने आठवड्यातल्या चार-पाच सकाळी त्यांच्या झाल्या. पुढे स्मृती धूसर झाली तर निर्णय कोणी घ्यायचे, नळीने अन्न द्यायचं का, हेही त्याच काळात विचारून लिहून ठेवलं. उपशामक काळजी देणाऱ्या डॉक्टरांना भेटणं म्हणजे आशा सोडणं नव्हे. वेदना, झोप आणि घरच्यांची दमछाक यांवर त्यांच्याइतका वेळ कुणी दिला नाही.

पायरी ८: विकत मिळणाऱ्या आशेपासून सावध

स्टेम सेलवर खरं संशोधन चालू आहे, पण ते बहुतांशी अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे. पैसे घेऊन "पेशी टोचून आजार बरा" करणारं कुणी भेटलं तर तिथून उठा. खऱ्या वैद्यकीय चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत, लेखी संमती आणि नैतिक समितीची मंजुरी असते. खाजकुइलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते. म्हणूनच ती "नुसती वनस्पती" समजून चालू गोळ्यांवर घेऊ नये: मात्रा दर खेपेला वेगळी, आणि डॉक्टरांना न सांगता घेतली तर झुलणं आणि भास वाढल्याचा दोष भलत्याच गोळीवर जातो.

पायरी ९: भेटीचा दिवस

एका कागदावर मावेल एवढंच न्या: सगळ्या गोळ्या वेळेसह, वहीतला एक नमुन्याचा दिवस, तीन तक्रारी त्रासाच्या क्रमाने, आणि त्यांनी मागितलेला तास. सोबत दोन व्हिडिओ. एका वेळी एकच बदल मागा, नाहीतर फायदा कशाने झाला तेच कळत नाही. दर बदलानंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने पुन्हा तीन दिवस वही भरा. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोळ्यांच्या वेळा खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावा, कारण वॉर्डातल्या औषधफेरीची वेळ आणि तुमच्या माणसाची वेळ जुळत नाही.

आणि पुढची तारीख घेताना डॉक्टरांना विचारून, गोळी उतरलेली असेल अशीच वेळ मागा. व्हीलचेअर लागेल, प्रवास कठीण जाईल, वेळेआधी निघावं लागेल. आम्ही तसं केलं. बाबा दारातच अडकले, आणि तपासणी तिथूनच सुरू झाली.